पायात वाळा घातलेली पाहुणी

आई, आज पिठलं ढवळताना तू आठवलीस, आणि तुझ्या मागोमाग ते बदकही. मी तेव्हा नववीत. सोलापुरातल्या आपल्या दोन खोल्या, बाबा कारकून, आणि त्यांचे साहेब संध्याकाळी जेवायला यायचे होते. बदली टळावी म्हणून बाबांनी तळ्यावरच्या शिकाऱ्याकडून जिवंत रानबदक आणलेलं. पाट्यावर वाटण तयार. तू डालगं उचलतेस, बदक धरतेस आणि ओरडतेस, ‘अगं बया! हिच्या पायात वाळा हाय की!’ वाळा कसला, पत्र्याचं बारीक कडं. मी अक्षरं लावून वाचलं, मॉस्क्वा. म्हटलं, आई, ही रशियातून आलीय, थंडीपुरती. खूण म्हणून तिथल्या लोकांनी घातलंय.

तू मटकन खालीच बसलीस. बाबा आत आले तर बदक तुझ्या मांडीवर, पदराखाली. ‘साहेबांना काय वाढू, माझं डोकं?’

‘पिठलं वाढा. माहेरवाशीण कापून कुणी पंगत घालतं व्हय?’

बाबा भडकले, मला मात्र हसू फुटलं. म्हटलं, अगं, जन्म तिकडचा, मग माहेर तिकडंच ना? तू असं बघितलंस माझ्याकडं! ‘तितं अंडी घालायची, पिल्लं वाढवायची, राबराब राबायचं. हितं खायचं आन् पाण्यावर डुलायचं. जितं पाय पसरून बसता येतं, ते माहेर. लगीन झालं की कळंल.’ तिच्यापुढं मूठभर जोंधळे टाकलेस आणि तिला पोटाशी धरून तळ्याकडं निघालीस. साहेब पिठलं जेवले. बदली झालीच, मोहोळला. बाबा कितीतरी दिवस पिठल्याला शिवले नाहीत.

पुढं मी पक्षी आणि त्यांची तळी राखायच्या कामाला लागले, ती तुझ्यामुळंच. आपल्या त्या तळ्यात भराव टाकायचं घाटत होतं, तेव्हा परदेशातली माणसंही आमच्या बाजूनं उभी राहिली. एक रशियन बाई काठावर म्हणाल्या, पक्षी आमचेच, तुम्ही फक्त पाणी राखा. मी त्यांना तुझं बोलणं ऐकवलं. बाई खळखळून हसल्या. म्हणाल्या, ‘म्हणजे राबायचं घर आमचं, विसाव्याचं तुमचं. मग दोन्ही घरं मिळूनच सांभाळू.’ आणि सांभाळलीही. त्यांनी तिकडची दलदल राखली, आम्ही इकडचं पाणी. कुठलं कडं कुठं दिसलं, ते एकमेकांना कळवत राहिलो. भराव पडला नाही, आई.

आता निवृत्त झाले, तरी थंडीत तळ्यावर जातेच. सून डबा देते, दुर्बीण पिशवीत घालते, म्हणते, ‘बघा मनसोक्त पक्षी.’ हे पत्र काही कुठं टाकायचं नाही, म्हणून तुला खरं सांगते. दुर्बीण मी पिशवीतून काढतसुद्धा नाही. तू गेल्यावर मला तरी दुसरं कुठलं माहेर उरलंय? काठावर नुसती पाय पसरून बसते.