चौथी चिठ्ठी

प्रिय खटपट्या,

या नावाने आता तुला कोणी हाक मारत नसेल. तुझ्या बायकोला तर ते ठाऊकही नसेल. तिकीटखिडकीमागे दिवसभर मान खाली घालून बसणाऱ्या माणसाला खटपट्या कोण म्हणणार? पण घरातलं घड्याळ, इस्त्री, आईचा चष्मा, जे हाती लागेल ते उघडून बसणारा माझा भाऊ मला याच नावाने आठवतो. राग आला तरी हे नाव राहू दे.

आई गेल्याला तीन आठवडे झाले. तू आलास, फाटकापाशी तासभर उभा राहिलास आणि घरात पाऊलही न टाकता परत गेलास. मी खिडकीतून बघत होते. तुझ्यासाठी चहाचा कप घेऊन पायरीपर्यंत आलेही होते, पण पुढे पाऊल उचललं नाही. तुझे केस पार पांढरे झालेत रे. माझ्याहून सहा वर्षांनी लहान तू, आणि लोकांना मोठा वाटशील. आईने तुझ्यासाठी एक निरोप ठेवलाय. तो तुला पोचवायचं मी तिला कबूल केलंय आणि त्यासाठीच लिहायला बसले. तो सांगते, पण आधी बेडकीची खबर देते. तिच्याबद्दल लिहिताना माझा हात निदान सरळ चालतो.

बेडकी अजून आहे. मागच्या पडवीत, तिच्या नेहमीच्या जागी, ते दोन वटारलेले दिवे घेऊन. बाबांनी ती गाडी घेतली तेव्हाच ती इतकी म्हातारी होती की शेजारचे मास्तर म्हणायचे, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. बाबा म्हणायचे, मसाला घरचाच आहे, मास्तर. आणि खरंच घरचाच होता. दवाखान्यात औषधांच्या पुड्या बांधणारा माणूस गॅरेजचा खर्च कुठून करणार? बॅटरीच्या टोकांवर पांढरं साचलं की कोमट पाणी, खायचा सोडा आणि तुझा जुना टूथब्रश, वरून बोटभर व्हॅसलीन. पेट्रोलची टाकी पाझरायला लागली की कपड्याचा साबण ओला न करता त्या जागी घासायचा. प्लगची काजळी काढायला माझी नखं घासायची कानस जायची आणि परत यायची ती काळीठिक्कर. इंजिनात कुठे खडखडतंय ते शोधायला रबरी नळीचं एक टोक कानात घालून बाबा वाकायचे, आणि आई स्वयंपाकघरातून विचारायची, पेशंट जगेल ना?

हे सगळं मी अजून करते. तुला सांगितलं तर हसशील, पण माझे हात आता शिवणाच्या सुईपेक्षा पान्यालाच जास्त सरावलेत. चेपलेलं मडगार्ड मी वाळूच्या पिशवीवर ठेवून लाकडी हातोडीने ठोकून ठोकून सरळ केलं, त्याला दोन उन्हाळे गेले. सीटची खोळ माझ्याच मशीनवर शिवली. तळाचा पत्रा गंजून रस्ता दिसायला लागला तेव्हा तेलाचा डबा कापून रिबीट मारले. लोक म्हणतात, पोरगी असावी तर अशी, बाबांची आठवण कशी जपलीय. लोकांनी कौतुक केलं की मला घरात जाऊन दार लावावंसं वाटतं.

बाबांचा नियम तुला मी काय सांगणार? पण लिहिते, कारण सगळं त्याच्यावरच येऊन थांबतं. घरगुती उपाय केला की चिठ्ठी लावायची. औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा कापून त्यावर काय केलं, कधी केलं, काय जपायचं ते लिहायचं आणि माझ्याकडचा लाल दोरा ओवून ती चिठ्ठी स्टिअरिंगच्या दांड्याला टांगायची. पक्का सुटा भाग बसला की मगच चिठ्ठी निघायची. तात्पुरत्याला तात्पुरतं म्हणायला लाजू नये, असं ते म्हणायचे, चिठ्ठी नसली की तात्पुरतं कायमचं होऊन बसतं. रोज किल्ली फिरवण्याआधी ते चष्मा लावून एकेक चिठ्ठी वाचायचे, जशी काही ती त्यांनी स्वतः लिहिलेलीच नाही. आणि चिठ्ठी नसेल तर तो भाग धडधाकट, हे आपण तिघांनी डोळे मिटून मानलेलं होतं. आई मात्र आपल्याला हसायची. म्हणायची, गाडी आहे की दवाखान्यातली खाट?

बाबा आत्याकडे गेले होते ते दोन दिवस आठव. मागच्या डाव्या चाकाकडे जाणारी ब्रेकची नळी गंजून गळायला लागली होती. नवी मिळण्यासारखी नव्हती, म्हणून तू त्या चाकाची वाट खिळा ठोकून बंद केलीस आणि बाकीच्या तीन चाकांवर काम भागवलंस. मग ब्रेकमधली हवा काढायला मला आत बसवलंस. तू गाडीखालून ओरडायचास, दाब, धर, सोड. मी दाबायची, धरायची, सोडायची. मध्येच मी मुद्दाम सोडायला उशीर केला तर म्हणालास, ताई, तुझ्यापेक्षा वीट ठेवली असती तर बरं झालं असतं. मग तू पायरीवर बसून चिठ्ठी लिहिलीस. दोरा मीच दिला. गाठ तू मारलीस आणि बाहेरगावच्या भंगारवाल्याकडे तशी नळी आहे का हे विचारायला शेजारी फोन करायला गेलास.

तू नसताना माझ्या गिऱ्हाइकांतली एक मुलगी आली होती. आठवड्यावर लग्न आलेली, कपडे माझ्याकडेच शिवलेले. ते नेताना तिच्या भावाने कॅमेरा आणला होता आणि तिला बेडकीच्या स्टिअरिंगवर हात ठेवून फोटो हवा होता. मला आनंद झाला आणि लगेच लाजही वाटली. इतक्या सुंदर पोरीच्या हाताशी त्या औषधाच्या खोक्यांच्या चिंध्या लोंबतायत, हे मला बघवेना. मी चारही चिठ्ठ्या सोडवल्या आणि शिवणाच्या एप्रनच्या खिशात टाकल्या, खडू, टेप आणि टाचण्यांच्या उशीसोबत. फोटो झाला. ती गेली. मी चिठ्ठ्या परत बांधल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या बसने तू नळी आणायला गेलास. त्यानंतर तासाभराने बाबा आले, आंघोळ केली आणि दवाखान्याला उशीर झाला म्हणून बेडकी काढली. मी मशीनवर होते. गाडीचा आवाज मी ऐकला. खाली जाऊन, बाबा, उताराने नेऊ नका, कालव्याच्या रस्त्याने जा, एवढं सांगायला अर्धं मिनिट लागलं असतं. पण मी मानसुद्धा वर केली नाही. चिठ्ठ्या आहेत, वाचतीलच, असं मला वाटलं. आणि त्यांनी वाचल्याच असणार, चष्मा लावून, एकेक करून. स्टिअरिंगला तीन चिठ्ठ्या होत्या. टाकीची, बॅटरीची आणि वायपरची.

उतारावर बेडकी थांबली नाही. तू नळी घेऊन परत आलास तेव्हा दारात माणसं जमली होती. ती नळी हातात तशीच धरून तू दवाखान्यापर्यंत चालत आलास, हे मला अजून दिसतं. बाबा शुद्धीवर होते. त्यांनी तुला रागावून नाही विचारलं, नुसतं विचारलं, चिठ्ठी का नाही लावलीस रे? तू म्हणालास, लावली होती, बाबा. गाडी ओढून आणणाऱ्या मेकॅनिकने तीनच चिठ्ठ्या होत्या असं सांगितलं. तू पुन्हा म्हणालास, लावली होती. चार दिवसांनी बाबा गेले आणि तरी तू तेच म्हणत होतास. तेव्हा आई सगळ्यांसमोर म्हणाली, माणूस गेला आणि याला अजून चिठ्ठीचंच पडलंय. त्यानंतर काही दिवसांनी जेवताना तू ताटाकडे बघत म्हणालास, विसरलो असेन. मी समोर बसले होते. तुझा स्वतःवरचा विश्वास माझ्यासमोर त्या घासाबरोबर खाली गेला, आणि मी मूग गिळून बसले. महिन्याभरात तू घर सोडलंस. त्यानंतर तू पान्याला हात लावला नाहीस, असं तुझ्या बायकोने एकदा आईला फोनवर सांगितलं होतं. घरातला बल्ब बदलायलाही माणूस बोलावता म्हणे.

तू आणलेली नळी मी दोन वर्षांनी बसवली. हवा काढायला दुसरं माणूस लागतं आणि ते माझ्याकडे नव्हतं. आईला म्हणायची हिंमत झाली नाही. शेवटी लाकडी दांडा घेतला, एक टोक ब्रेकच्या पॅडलवर, दुसरं सीटला टेकवून, आणि दर वेळी खाली जा, चाकाजवळची हवेची चावी उघड, बंद कर, वर ये. दाब, धर, सोड मीच म्हणत होते, मोठ्याने. ब्रेक लागले. अजून लागतात. मी दर रविवारी बेडकी सुरू करते, फाटकापर्यंत नेते आणि परत आणते. त्यापुढे मी ती कधी नेली नाही. आता तर नेताही येणार नाही, कारण चेसिसच गंजलीय आणि त्यावर घरगुती उपाय नाही. शुक्रवारी भंगारवाला येणार आहे. पाने आणि बाबांची पेटी ठेवून घेतलीय. तुला हवी असेल असं वाटत नाही, पण आहे.

आता आईचा निरोप. शेवटच्या आठवड्यात तिने मला जवळ बसवलं आणि म्हणाली, त्याला सांग, मी माफ केलं. पोर होता, विसरला, माझंच चुकलं, इतकी वर्षं धरून बसले. सांगशील ना? तिने माझा हात धरला होता. मी हो म्हणाले. खरं सांगायची तीच शेवटची वेळ होती, आणि मी तिच्या अंगावरची चादर नीट केली. ती तुला माफ करून गेली, आणि जिला माफ करायचं होतं ती उशाशी बसून तिला पाणी पाजत होती.

तू विसरला नव्हतास. अपघात झाला त्याच दुपारी, दवाखान्यात न्यायचे बाबांचे कपडे पिशवीत भरताना मी एप्रन काढला आणि खिशातली टाचण्यांची उशी बाहेर पडली. तिच्यात लाल दोरा गुंतला होता आणि दोऱ्याला चौथी चिठ्ठी होती. ती घेऊनच मी दवाखान्यात आले होते. तू लावली होती म्हणालास तेव्हा ती माझ्या मुठीत होती. बाबांना बरं वाटू दे मग सांगू, असं ठरवलं. मग आई सावरू दे, मग तू परत आलास की. प्रत्येक वेळी तात्पुरतंच गप्प बसले. मला क्षमा कर असं मी लिहिणार नाही, ती मागायला तोंड नाही, आणि तू केलीस तरी तुझी सतरा वर्षं कुठून आणणार? आईला सांगायचं राहिलं ते राहिलंच. एवढंच करता येतं म्हणून ती चिठ्ठी या पाकिटात घातलीय. पुठ्ठा पिवळा पडलाय, पण शाई टिकलीय. त्यावर तू लिहिलंयस, मागचा डावा ब्रेक बंद आहे. तात्पुरतं. उतारावर नेऊ नका, बाबा. खाली तारीख आहे. अक्षर तुझं आहे आणि गाठही तूच मारलेली आहे. दांड्यावरून दोरा मी सोडवला तेव्हा पुठ्ठ्यापाशी मारलेली ही गाठ तशीच राहिली होती.

तुझीच, असं लिहायची सवय आहे म्हणून लिहितेय,
ताई