कॉलेज सोडण्याचं खरं कारण

संशोधक बाईसाहेब,

ग्रंथालयात तू मैत्रिणीला म्हणालीस, "कॉलेज अर्धवट सोडलेली मुलंच मिळत नाहीत गं, माझी पीएचडी बुडणार!" त्याच क्षणी माझं आयुष्य फिरलं. मी तडक ऑफिसात जाऊन नाव काढून आलो. आई अजून बोलत नाही.

मुलाखतीत तू विचारलंस, "का सोडलंस?" तू पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघत होतीस, म्हणून मी घरच्या अडचणी रंगवून सांगितल्या. तुझे डोळे भरून आले. मग रेकॉर्डर बंद करत म्हणालीस, "थँक्यू हं, दादा."

दादा! डोकंच सटकलं माझं. खरं कारण तुझ्या प्रबंधात यायलाच हवं, आणि ते तोंडानंच सांगायला हवं. हे पत्र राहू दे माझ्याच टेबलावर. रेकॉर्डर तयार ठेव; खाली सही केली की दार ओढून निघालोच मी.

तुझा,
कुणाचाही दादा नसलेला