हर्षालीचा प्रोग्राम बिघडवण्याचे काम

मखमलाबाद, नाशिक
मंगळवार, २३ ऑगस्ट २००५

आदरणीय दाजी यांस,

मोतीरामचा साष्टांग नमस्कार. मालनताईचा गुडघा आता जिना चढू देतो का? एकलहऱ्याच्या क्वार्टरला खालचा मजला मिळणार होता, त्याचं काय झालं? इकडे सगळे ठीक आहेत, फक्त माझं डोकं सोडून. ते आठ दिवसांपासून चालेनासं झालंय आणि त्याला कारण तुमची भाची, म्हणजे आमची हर्षाली.

तुम्ही जाणताच, आपल्या फूल उत्पादक संस्थेची वही वीस वर्षं मीच लिहितो. कोणाच्या मळ्यातून किती क्रेट झेंडू आला, कोणत्या टेम्पोत चढला, सगळं तीत. आता संस्थेने कॉम्प्युटर आणलाय आणि हर्षालीने हेच काम करणारा प्रोग्राम लिहिलाय. (चित्रं नाहीत, माऊसला काम नाही. काळा पडदा आणि त्यावर पांढरी अक्षरं. मी म्हटलं, यापेक्षा शाळेतला फळा काय वाईट होता?) पुढच्या गुरुवारी सकाळी अकराला तो कमिटीपुढे चालवून दाखवायचाय. चालला तर गणपतीचा माल त्यावरच नोंदवायचा आणि हर्षालीला संस्थेत नोकरी. नाही चालला तर अध्यक्ष भिकनअण्णांनी आधीच सांगून ठेवलंय, कॉम्प्युटरवर फडकं टाकू आणि वही पुन्हा मोतीरामकडे.

त्याआधी तो तपासायला पाहिजे. हर्षाली म्हणाली, "मला असा माणूस हवाय ज्याला यातलं काही म्हणजे काही कळत नाही." घरातल्या सगळ्यांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. माझं काम असं, की नको ते दाबायचं आणि प्रोग्राम बिघडवायचा. आयुष्यभर तिला सांगत आलो, वस्तू नीट वापर, आणि आता मी मोडतोड केली की पोरगी टाळ्या वाजवते! क्रेटच्या जागी मी माझं नाव टाकलं, फेब्रुवारीची एकतीस तारीख टाकली. प्रोग्राम धाडकन बंद. ती ओरडली, "बग! बग!" बापाला 'बघा' न म्हणता 'बघ' म्हणते याचं वाईट वाटलं, पण चष्मा लावून बघितलं. दिवसभरात अकरा वेळा बघितलं. संध्याकाळी छायाने (आमच्या सौभाग्यवतीने) सांगितलं, अहो, बग म्हणजे चूक, इंग्रजीत किडा. मग फवारणी कधी करायची, असं मी विचारलं तर दोघी हसत सुटल्या. मला अजून कळलेलं नाही, त्यात हसण्यासारखं काय होतं.

सगळ्यात मोठा बग मात्र माझ्या नावावर नाही. शेजारच्या मळ्यातल्या कुसाबाई शेवंतीची पाटी घेऊन आल्या आणि त्यांनी पाटी सरळ कीबोर्डवर टेकवली. पडद्यावर शून्यांची रांग लागली आणि सगळं गोठलं. कुसाबाई घाबरल्या, "म्या काय केलं गं बाई? पाटीच ठिवली ना!" हर्षाली त्यांच्या पाया पडली. त्या अजून सगळ्यांना विचारत फिरताहेत, पोरीचं लग्न ठरलं काय?

नंतर चार दिवस ती प्रोग्राम "सुधारत" होती. जेवायचं भान नाही. सुधारून झाल्यावर मला बोलावलं. मी बघतो तर काय, तोच काळा पडदा, तीच अक्षरं, तसूभर फरक नाही. मी म्हटलं, "बदललं काय?" ती आनंदाने म्हणाली, "बाहेरून काहीच नाही! आतून सगळं. काही बदललं नाही ना, हेच तुम्ही तपासायचं." दाजी, घराला रंग लावून भिंत जुनीच दिसली तर आपण रंगाऱ्याला काय म्हणू?

काल खरा घोळ झाला. आम्ही चाळीस नोंदी भरल्या, आणि वीज गेली. आली तेव्हा पडदा कोरा, एकही नोंद नाही. हर्षाली एकेक बटण दाबून नोंदी शोधत राहिली. मी हळूच वही पुढे केली. तीत चाळीसच्या चाळीस नोंदी होत्या, मी लपून लिहीत होतो. त्या क्षणी मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. मग तिचे डोळे भरलेले दिसले आणि माझी मलाच लाज वाटली. तेव्हापासून मला कोण जिंकायला हवंय, तेच समजेनासं झालंय.

ताईला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
मोतीराम

ता. क. : मूळ मुद्दा राहिला. तुम्ही एकलहऱ्याच्या वीज केंद्रातच आहात. तर पुढच्या गुरुवारी अकरा ते बारा मखमलाबादची वीज जाणार नाही एवढं साहेबांच्या कानावर घालावं.

ता. क. २ : वरचं रद्द समजावं. हर्षालीने पत्र वाचलं. ती म्हणते, प्रत्येक नोंद आता त्याच वेळी जपून ठेवली जाते, तेव्हा वीज जायलाच हवी, सव्वाअकराला. जमेल का?

ता. क. ३ : हेही रद्द. एकलहऱ्याहून एका गावाची वीज अशी घालवता येत नाही म्हणे. (मग तुम्ही तिथे नक्की काय करता, ते भेटीत सांगावं.) त्याऐवजी भर सभेत कॉम्प्युटरची वायर ओढायची आहे, आणि तिने ते काम मला दिलंय. "तुम्ही ओढलीत तरच लोकांना पटेल," म्हणाली. मी हो म्हटलंय. दाजी, ताईला घेऊन या आणि पुढच्या रांगेत बसा. माझ्याने एकट्याने होणार नाही. शिवाय तिथे तीन वायरी आहेत, आणि त्यातली एक पंख्याची आहे.