झाकलेली सही

प्रिय दादा,

तुझी बहीण सध्या कॉलेजच्या फाटकावर टांगलेली आहे. म्हणजे तिचा फोटो, चांगला माणूसभर उंचीचा आणि हसरा. खाली लिहिलंय, ‘वर्ग आणि प्रत्यक्ष काम यांची सांगड घालणाऱ्या अभियांत्रिकी शिक्षिका’. रोज सकाळी मला माझ्याच हनुवटीखालून आत जावं लागतं. प्राचार्य जिन्यात गाठून दिसेल त्याला माझी ओळख करून देतात. दुसरा बॅनर तर नेमका माझ्या खोलीच्या खिडकीवरून सोडलाय, त्यामुळे भर दुपारी दिवा लावून बसते. परवा तुला हे फोनवर सांगितलं तेव्हा तू पोट धरून हसलास आणि म्हणालास, आता सवय कर. सवय होत नाही रे. गुदमरायला होतं.

या सन्मानासाठी तू लिहिलेलं शिफारसपत्र मला वाचायला मिळालं. तू लिहिलंयस की आठवड्यातले दोन दिवस मी तुझ्या ऑफिसात काम करते आणि उरलेले दिवस तेच काम वर्गात नेते, म्हणून माझी मुलं नोकरीच्या पहिल्या दिवशी बावचळत नाहीत. वाचून रडले. तोंडावर एक चांगला शब्द बोलायचा नाही आणि कागदावर मात्र भरभरून लिहायचं, हा आपल्या घराण्याचा रोगच आहे. पण शिकवायचं कसं हे मी कुठे शिकले, ते तू लिहिलं नाहीस. मी शाळेत असताना तू माझी फूटपट्टी टेबलाच्या कडेवरून अर्धी बाहेर काढली होतीस, आतल्या टोकावर शब्दकोश ठेवला होतास आणि बाहेरच्या टोकावर खोडरबर. बाहेर जे लोंबतं ते आत किती धरलंय यावर टिकतं, म्हणालास. मी शब्दकोश सरकवत सरकवत शेवटी पट्टी मोडली, आणि तेव्हापासून घरात माझं नावच फूटपट्टी पडलं.

आणि तुझी पहिली नोकरी. साहेबांनी केलेल्या एका इमारतीच्या हिशोबात तुला चूक सापडली, तू त्यांना पत्र लिहिलंस, त्यांनी उत्तर दिलं नाही, म्हणून तू मालकाला सांगितलंस आणि घरी बसलास. आईने अबोला धरला, बाबा नुसते चष्मा पुसत राहिले. तू स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभा होतास आणि मला म्हणालास, “चूक सापडली की आधी ज्याची सही आहे त्याला सांगायचं. लेखी, पाठीमागून नाही. तो गप्प बसला तर मात्र आपण गप्प बसायचं नाही.” हे मी दरवर्षी पहिल्याच तासाला सांगते. तुझं नाव घेत नाही, ‘एक तरुण इंजिनिअर’ म्हणते. मुलींना तो फार आवडतो.

वर्गातला माझा खेळ तुला माहीतच आहे. तुझ्या ऑफिसातलं एखादं खरं ड्रॉइंग घ्यायचं, सहीवर कागदाचा तुकडा चिकटवायचा, मुद्दाम एक चूक घालायची आणि मुलांना शोधायला लावायचं. याच खेळाचं कौतुक करायला निवड समिती वर्गात येऊन बसली होती. या खेपेला मी ग्रंथालयाचं ड्रॉइंग नेलं आणि एक खांब बारीक करून ठेवला. तो मुलांनी लगेच पकडला. मग आमच्या वकीलबाईने हात वर केला. प्रत्येक वाक्याची उलटतपासणी घेते म्हणून वर्गाने तिला हे नाव दिलंय. ती म्हणाली, अजून एक आहे. मी हसले, म्हटलं एकच आहे. ती फळ्याशी आली आणि बाहेर काढलेल्या गॅलरीच्या वरच्या सळयांवर बोट ठेवलं. त्या आतल्या स्लॅबमध्ये चांगल्या खोल जायला हव्यात, दादा, आणि त्या बीम ओलांडला की संपतात. मी ते ड्रॉइंग वर्गात नेण्याआधी तपासलंच नव्हतं. तुझी सही दिसली की माझी पेन्सिल आपोआप खाली ठेवली जाते.

दुसरी चूकही मीच पेरली असं सगळ्यांना वाटलं. समितीच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. वकीलबाई तेवढी वाजवत नव्हती. तास संपल्यावर ती थांबली आणि तिने विचारलं, सही करणाऱ्याला कळवलंय का. मी म्हटलं, कळवते.

मनाची समजूत घातली की साइटवर कुणीतरी सुधारलं असेल. तरी ग्रंथालयात गेले. गॅलरीत लोक उन्हाला पाठ करून वर्तमानपत्रं वाचत होते. भिंतीलगत चटई अंथरलेली होती, ती मी उचलली. खाली भेग आहे, या टोकापासून त्या टोकापर्यंत, नख आत जाईल एवढी. ग्रंथपाल म्हणाले, एकदा भरून घेतली होती, पुन्हा उघडली, दिसायला वाईट दिसतं म्हणून चटई टाकली. मी सजावटीचं निमित्त सांगून त्यांना शनिवारपर्यंत गॅलरीला कुलूप लावायला लावलं. त्यांनी एका शब्दाने विचारलं नाही. फाटकावर फोटो असल्याचा तेवढा उपयोग झाला.

शनिवारी समारंभ तिथेच आहे. जागा तूच सुचवलीस, कौतुकाने. भाषणं झाली की चहा गॅलरीत. सगळा हॉल उठून एकदम त्या गॅलरीत जाणार आहे, वहिनी, तुझी चिमुरडी, माझा वर्ग. मी काल तुला फोनवर भेगेबद्दल सांगायला गेले तर तू म्हणालास, बारीकसारीक भेगा सगळीकडेच असतात, आधी सन्मान घे, मग बघू. तुझ्या आवाजात एक घाई होती, ती मला ओळखू येते. इस्पितळाचं मोठं काम तुला मिळायच्या बेतात आहे, हे वहिनीने सांगितलंय. दिवसभर या बंद खोलीत बसून मी वाटा शोधतेय. आजारी पडले तरी चहा तिथेच होईल. सन्मान नको म्हटलं तर का ते सांगावं लागेल, आणि तोंड उघडलं की तुझं नाव बाहेर येईल. तुझ्यावर माझा एवढा जीव आहे की मी जवळजवळ गप्प बसले होते, हेही तुला कळू दे.

म्हणून हे पत्र, हातोहात पाठवतेय. फोनवर हसण्यावारी नेता येतं, म्हणून लेखी. आधी तुला, कारण सही तुझी आहे. आजच्या आज गॅलरीखाली टेकू लाव आणि ग्रंथपालांना तू स्वतः सांग. मी शेजारी उभी राहीन, बॅनरवरची नाही, खरी. उद्या दुपारपर्यंत तू गेला नाहीस तर मी जाईन. तुझ्या साहेबांनी तुला उत्तर दिलं नव्हतं. तू मला दे. सोमवारी पहिला तास माझा आहे, आणि ड्रॉइंगवरचा कागदाचा तुकडा मी काढणार आहे. मुलांना सही दिसेल तेव्हा मला सांगता यावं, की स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभा होता तो तरुण इंजिनिअर हाच.

तुझीच,
फूटपट्टी