उजवा डोळा

दिवा गाव, ऐरोली
५ सप्टेंबर २०२५

ती. यशोदाकाकींस,
निशांतचा नमस्कार.

तुमच्या दारावरून रोज दोनदा जातो आणि तुम्हाला पत्र लिहितोय. उन्नती तुम्हाला वाचून दाखवताना हसेल. हसू दे. पण उन्नती, मधलं काही गाळू नकोस. आईला त्रास नको म्हणून तू गाळतेस, मला ठाऊक आहे.

आमचा गणपतीचा कारखाना परवा आवरला. साचे धुऊन माळ्यावर टाकले. चांगदेवशेठचा गुडघा अजून दुखतो, तरी औषध घेत नाहीत.

काकी, नामाआजोबांनी गावाच्या वतीने मला तुमच्याकडे जायला सांगितलं होतं. गौरींबरोबर जायचा गणपती अजून तुमच्या घरात आहे, उद्या अनंत चतुर्दशी, आणि तुम्ही म्हणता बुडवणार नाही. ‘तू मिथुनचा दोस्त, तूच त्याच्या आईला समजाव,’ म्हणाले. दोनदा पायरीपर्यंत आलो आणि मागे फिरलो. तुम्हाला काय समजावणार? मलाच काही समजत नाही.

मिथुनसारखी डोळ्यांची आखणी आपल्याकडे कुणाला जमत नव्हती. ठाण्याहून लोक यायचे, डोळे त्याच पोराकडून हवेत म्हणायचे. चोवीस वर्षांचा होता, पण मिजास नाही. फूटभराच्या मूर्तीलाही मोठ्या मूर्तीइतकाच वेळ द्यायचा. शेठ ओरडले की म्हणायचा, “बारक्या गनपतीला काय कमी दिसतं काय?” मला अंगाचा रंग सोडून काही येत नव्हतं. माझ्या मनगटाला धरून त्यानेच मला रेघ ओढायला शिकवलं. माझी रेघ थरथरायची. तो कधी हसला नाही.

कारखान्यात एक रीत आहे. एक डोळा उघडला की दुसरा उघडल्याशिवाय जागचं उठायचं नाही. मिथुनने ती एकदाच मोडली.

त्या दुपारी तो तुर्भ्याला का गेला, हे सगळ्यांनी विचारलं. पोलिसांनी, तुम्ही, तेराव्याला सगळ्या गावाने. मी म्हणालो, माहीत नाही.

मला माहीत होतं. आदल्या दिवशी त्याचा आखणीचा बारीक ब्रश मी थिनरच्या डब्यात उभा विसरलो. रात्रभरात केस वाकडे झाले. त्याने डावा डोळा कसाबसा काढला, उजव्याला रेघ फुटायला लागली. ब्रश हातात फिरवून बघितला. मी घाबरलो होतो. तर म्हणाला, “तुजा काय दोष नाय रे, म्हाताराच झाला व्हता तो. नवीन घेऊन येतो. तवर तू ह्याच्यावर कापड टाक, एका डोल्यानं बगत बसंल बिचारा.” आणि गाडीला किक मारली. परत येताना तो ट्रक.

नवीन ब्रश त्याच्या खिशात होता. हॉस्पिटलमधून मिळालेल्या सामानातून तुम्हीच तो माझ्या हातात दिलात. कारखान्याचा आहे, ठेव, म्हणालात. त्याच ब्रशने त्या मूर्तीचा उजवा डोळा मी काढला. शेठ म्हणाले, कुणाला सांगू नकोस, मिथुनची शेवटची मूर्ती आहे. आणि मग तुम्हीच आलात. वर्षाच्या आत सण करू नये असं सगळे सांगत असताना तुम्ही तीच उचललीत.

काकी, तेव्हा तुम्ही गणपतीच्या उजव्या डोळ्याखाली बोट फिरवलंत. म्हणालात, “डाव्यात घाई हाय. ह्यो बग, ह्यात माज्या पोराचा जीव हाय.” मी शेजारी रंगाचा डबा धरून उभा होतो.

तेव्हापासून माझा गोंधळ संपत नाही. तुम्ही फसलात की मी तुम्हाला फसवलं? की खरंच मनगट त्याने धरलं होतं? त्या दिवशी माझी रेघ थरथरली नाही, एवढंच मला आठवतं. मला त्याची फार आठवण येते, काकी. कुणाला सांगायची सोय नाही, कारण लगेच पुढचा प्रश्न तुर्भ्याचा येतो.

उद्या चार वाजता खाडीवर, होड्यांपाशी उभा राहीन. गणपती आणलात तर पाण्यात मी धरीन. नाही आणलात, किंवा माझं तोंडही बघायचं नसेल, तर उन्नतीबरोबर तसा निरोप पाठवा. तो ब्रश तुमचा आहे. मागाल त्या दिवशी आणून देईन.

रोज धुतो. केस सरळ करतो. आडवा ठेवतो.

निशांत