चौघींचा एकच चेंडू

बाई, आम्ही गोल्फ खेळायला चाललो आहोत. खरंखुरं, हिरव्या गवतावरचं, झेंडे रोवलेलं गोल्फ. आणि एक नाही, तीन मैदानं! आधी नागपूर, मग पचमढी, मग जबलपूर, आणि आठव्या दिवशी घरी. चौघी. तुमच्याच त्या चौघी. ज्याला सांगते तो आधी हसतो आणि मग माझ्या गुडघ्यांकडे बघतो. माझा जावई म्हणाला, "आई, तो तं पैसेवाल्यांचा खेळ असते न." मी म्हटलं, "जावईबापू, आम्ही खेळत होतो तेव्हा तुमचा जन्मही नव्हता." तुम्ही असता तर हसला नसता. तुम्ही आधी विचारलं असतं, पायात काय घालणार? तर ऐका, कॅनव्हासचेच बूट घेतले आहेत, पांढरे, पीटीच्या तासाचे असायचे तसेच.

बेत असा आहे. सोमवारी सकाळच्या एसटीनं नागपूर. आता आम्हा बायांना अर्धंच तिकीट लागतं. तुमच्या वेळी असं असतं तर तुम्ही आम्हाला कुठं कुठं फिरवलं असतं कोण जाणे. नागपुरात मुक्काम नर्सच्या भाचीकडे. नर्स म्हणजे आपली ती उंच, वेणीला कायम लाल रिबन बांधणारी. नुकतीच स्वेच्छेनं रिटायर झाली. पचमढीला धर्मशाळा बघून ठेवली आहे, जबलपूरला उमरखेडवालीच्या ओळखीच्या व्यापाऱ्याकडे वरची खोली. ही उमरखेडवाली म्हणजे तुमच्या तासाला वर्गात कविता म्हणत बसायची ती. लग्न होऊन तिकडे गेली, कापडाचं दुकान टाकलं, आता बोलण्यात कोणाला ऐकत नाही. तिनं दुकानातल्या उरलेल्या तुकड्यांच्या चौघींना सारख्या टोप्या शिवून घेतल्या आहेत. गुलाबी, वर बारीक फुलं. मी म्हटलं, "अव माय, आपण कोणाच्या बारशाले चाललो का?" तर म्हणते, "तू हरवलीस तं दुरून दिसशीन." बरोबर दशम्या, जवसाची चटणी आणि तिखटमिठाच्या पुऱ्या. शनिवार-रविवार टाळायचे, भर दुपारी जायचं, अठराच्या ऐवजी नऊच भोकं खेळायची. स्वस्तात सगळं बसतं, फक्त फोन करायला माणूस खमक्या लागतो. तो मी आहे. तीस वर्षं तहसीलीत बसून लोकांना "उद्या या" म्हणत आले, आता मला कोणी "उद्या फोन करा" म्हटलं की अंगाची लाही होते.

तुमच्याकडे कसं होतं ते मला काल पाहिल्यासारखं दिसतं. संक्रांत होऊन गेलेली असते. शाळेमागच्या शेतातली कपाशीची पऱ्हाटी उपटून झालेली, पायाखाली ढेकळं फुटतात, आणि तुम्ही पदर खोचून पुढे चालताय. तुमच्या फौजेतल्या भावानं दिलेली एक लोखंडी काठी आणि एक पांढरा चेंडू. जमिनीत पुरलेले डालड्याचे पाच रिकामे डबे, प्रत्येकाशेजारी तुराटीला बांधलेली लाल चिंधी. पहिला टोला माझा, मग उमरखेडवालीचा, मग नर्सचा, आणि शेवटचा तांड्यावरून सायकल हाणत येणाऱ्या तिचा. चेंडू एकच. एकीनं मारला की जिथं पडला तिथून दुसरीनं मारायचा, मग तो नाल्यात असो, शेताच्या धुऱ्यावर असो की शेणात. "कुठं पडला ते बोलायचं नाही," तुम्ही म्हणायच्या, "इथून कसा काढायचा ते बोला." आम्हाला वाटायचं, गोल्फ म्हणतात तो हाच. दुसरं सांगणारं होतंच कोण?

मी लांब मारायची, आणि त्याचा मला भारी गर्व होता. मी नाल्याच्या पार नेलेला चेंडू तांड्यावरचीच्या पाळीला वीतभर सरकायचा. काठी ढेकळाला लागायची, माती उडायची, ती ओशाळं हसायची. एक दिवस माझं डोकंच फिरलं. सगळ्यांसमोर म्हटलं, "बाई, हिले बाजूले बसवा न. हिच्यापाई आपला डावच नाही होत." तुम्ही काठी खांद्यावर टाकलीत आणि आम्हाला घरी नेलंत. तुमच्या स्वयंपाकघरात तुमची आई भाकरी थापत होती, चुलीत वांगी भाजत होती. तुम्ही सगळ्यांना भरीत वाढलंत, माझ्याही ताटात वाढलंत आणि मग विचारलंत, "आज पाच डब्यांत चेंडू कोणी कोणी घातला?"  खरं म्हणजे डब्याजवळ आलं तरी मी जोरातच मारायची. मी चुकायची, मागून या दोघी चुकायच्या, आणि शेवटी ती येऊन अलगद घालायची. पाचही तिनेच घातले होते. "लांब मारणं म्हणजे सगळं नाही," एवढंच बोलून तुम्ही तव्याकडे वळलात. मी त्या दिवशी भरताला हात लावला नाही. पंधरा दिवस मनातल्या मनात तुम्हाला शिव्या दिल्या, बाई.

दहावी झाली तेव्हा तुम्ही काठी मला दिलीत आणि चेंडू तिला. मोठी वस्तू मला मिळाली म्हणून मी घरभर मिरवली. तेव्हा लक्षात नाही आलं की यापुढे खेळायचं तर मला तांड्यावर जावं लागेल. चाळीस वर्षं जाते आहे. तिचं शेत, तिची उपटलेली पऱ्हाटी, आमचे डबे. या संक्रांतीला मात्र खेळ झाला नाही. पोळ्याच्या आदल्या आठवड्यात तिचे मालक गेले आणि तेव्हापासून ती तांड्याबाहेर पडलेली नाही. खरं सांगायचं तर ही सगळी ट्रिप तिला बाहेर काढायला आहे. गोल्फ वगैरे नंतर. आणि ती हो म्हणाली होती!

मग मी घोळ घातला. नागपूरच्या मैदानावर फोन केला तर तिथल्या माणसानं विचारलं, "बॉल तुमचे आणाल की इथून घ्याल? चारच लागतील, पण जास्तीचे ठेवा." मी म्हटलं, "चार कायले? एकच लागते." तो म्हणाला, "मॅडम, मग बाकीच्या तिघी काय करतील?" तेव्हा कळलं की गोल्फमध्ये ज्याचा चेंडू त्याचा, आपला आपण मारायचा, आपला आपण शोधायचा. छप्पन्न वर्षांची झाले मी, बाई! आणि हे पोटात ठेवायचं सोडून मी हुरळून जाऊन तिघींना लागोपाठ फोन केले. उमरखेडवाली हसून हसून खोकायला लागली. नर्स म्हणाली, "बाईनं आपल्याले चाळीस वर्षं येड्यात काढलं वो." आणि तांड्यावरचीनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मंग मी नाही येत."

दुसऱ्या दिवशी एसटीनं तिच्याकडे गेले. अंगणात तूर पाखडत होती. म्हटलं, "काहून नाही येत? आमच्याहून तं तूच बरी खेळतं."

"खेळाचं नाही म्हणत मी." सूप हलायचं थांबलं नाही. "बॉल माह्या एकटीचा असन तं कुठं गेला ते मलेच पाहा लागन. खड्ड्यातून मलेच काढा लागन. दिवसभर घरी तेच करून राह्यली न मी. त्याच्यासाठी जबलपूरले कायले जाऊ?"

तिचा मुलगा मला रस्त्यापर्यंत सोडायला आला. "मावशी, काही करा पण माह्या याडीले घेऊन जा," म्हणाला, "ती कोणासंगच बोलत नाही." परतीच्या एसटीत मला तो भरताचा दिवस आठवला. हिला बाजूला बसवा असं एकदा मी म्हटलं होतं, आणि आता ती माझ्याच फोनमुळे बाजूला बसली होती.

सकाळी नऊला नागपूरला फोन लावला. "हे पाहा भाऊ, आम्हाला चौघींत एकच चेंडू मारायचा आहे. चालते का नाही ते सांगा." तो आधी हसला. म्हणाला, दोघांत एक चेंडू खेळायचा प्रकार आहे, पण चौघांत एक त्यानं तरी कधी पाहिला नव्हता. मग म्हणाला, "या मॅडम. मंगळवारी दुपारी मैदान रिकामंच असते. मागून कोणी आलं तर त्याले पुढं जाऊ द्या, बस." आणि वर स्वतःच सुचवलं की मग काठ्यांच्या चार पिशव्या कशाला, एकच भाड्यानं घ्या. म्हणजे बघा, तुमच्या नियमानं आम्हाला स्वस्तातही पडलं! पचमढीवाले म्हणाले, "चारों मिलके एक गेंद? आइए बहनजी, हम भी देखेंगे." जबलपूरवाले दोन दिवस अडून बसले, पण मीही तहसीलीतली आहे. तिघांचा होकार मिळाला तसा तिला फोन केला. "खरंच एकच बॉल?" ती म्हणाली. मग विचारते, "तिकडं थंडी किती असते वो? शाल घेऊ का सोटर?" फोन ठेवून मी स्वयंपाकघरात नाचले. शप्पथ नाचले, कढईतले पोहे करपले तरी नाचले.

परवा कळंबला जाऊन चिंतामणीचं दर्शन घेतलं आणि तुमच्या भाच्याकडे डोकावले, तुमच्या घरात हे कोणाला तरी सांगावं म्हणून. त्यानं आतून एक बिस्किटांचा डबा आणला. "आत्याचा आहे," म्हणाला, "काय आहे ते समजत नाही, पण फेकवत नाही." उघडला, तर आत पुठ्ठ्याचं खोकं. बारा चेंडूंची जागा, एक रिकामी. उरलेले अकरा कागदात गुंडाळलेले, एकालाही मातीचा डाग नाही.

मी ओट्यावर बसलेच, बाई. अकरा! एकदा चेंडू नाल्यात गेला होता तेव्हा तुम्ही आमच्याबरोबर पोटऱ्यांपर्यंत चिखलात उभ्या राहून तास-दीड तास चाचपडत होता. "मिळालाच पाहिजे, दुसरा नाही आपल्याकडे." आणि घरी हे अकरा पडून! आधी मला रागच आला. मग असं हसू फुटलं की भाचा घाबरून पाण्याचा तांब्या घेऊन आला, आणि निघताना डबा त्यानं माझ्याच हाती दिला.

त्या तिघींना मी हे सांगितलेलं नाही. तांड्यावरचीला कळलं तर तिला वाटेल, आपण मागं पडू नये म्हणून बाईंनी दया येऊन एकच चेंडू ठेवला, आणि ती शाल-सोटर परत पेटीत ठेवेल. मी खूप विचार केला. मला वाटतं, तुम्ही ते तिच्यासाठी केलंच नव्हतं. वेगळा चेंडू मिळाला असता तर पुढे निघून कोण गेलं असतं? ती नाही. मी. मागं वळून बघितलंही नसतं, आणि आज या तिघी माझ्या कोण असत्या?

हे पत्र टाकणार कुठं? भाच्याच्या पत्त्यावर टाकलं तर तो वाचेल, आणि त्याच्या पोटात काही राहत नाही. तुमच्याच डब्यात चेंडूंवर ठेवून झाकण लावते आणि डबा माझ्या कपाटात. सोमवारी तिचा तो जुना पिवळट चेंडू येईल, माझी काठी येईल, आणि आम्ही चौघी पाळीपाळीनं मारू, तुम्ही शिकवलं तस्सं.

फक्त एवढंच, की डब्यात आता दहाच आहेत. अकरावा माझ्या पर्समध्ये आहे, रुमालात गुंडाळून. पचमढीला त्या तिघी चहाला बसल्या की मी जरा पलीकडे जाणार आहे. एकच टोला, बाई, माझा एकटीचा, जाईल तेवढा लांब. मग येते परत रांगेत.