कमळआत्याचा परदेशी नंबर

दिवेआगर,
मंगळवार, दुपार

तीर्थस्वरूप अण्णांस,

धाकट्या हरेश्वरचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग मनातूनच. आज वाडीत पाणी सोडलंय आणि वाळलेला पायजमा एकच आहे.) तुमचा गुडघा कसा आहे? कानातलं यंत्र लावता, की अजून डबीतच जपून ठेवता? वहिनींची साखर ताब्यात असेल अशी आशा करतो. इकडे आम्ही सगळे खुशाल, म्हणजे अंबिकेचा उजवा खांदा सोडून सगळे. त्या खांद्याचं पुढे येईलच, कारण हे सगळं रामायण तिथूनच सुरू झालं.

सोबतच्या पोत्यात दरवर्षीप्रमाणे तुमच्या माडाचे पंचवीस नारळ आहेत. पत्र नारळांच्या मधोमध ठेवून पोत्याचं तोंड मी स्वतः दाभणाने शिवणार आहे, कारण ते अंबिकेच्या दृष्टीस पडता कामा नये. फोन का केला नाहीस, असं तुम्ही विचाराल. अण्णा, राग मानू नका, पण तुमच्याशी फोनवर बोलायचं म्हणजे एवढा आवाज चढवावा लागतो, की तुम्हाला कळायच्या आधी बोर्लीच्या स्टँडवर कळतं. शिवाय तुम्ही टपाल खात्यात छत्तीस वर्षं काढलीत, पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झालात. तुम्हाला कागदावर लिहिलेलंच खरं वाटतं, हे मला माहीत आहे.

तर खांदा. आपल्या घरावर 'घरगुती राहण्याची व जेवणाची सोय' अशी पाटी लागल्यापासून येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला उकडीचे मोदक हवे असतात. मोदक म्हटले की नारळ आला, आणि नारळ म्हटला की विळीवर बसून तो खवणं आलं. वर्षानुवर्षं खवून अंबिकेचा खांदा धरला. श्रीवर्धनच्या डॉक्टरांनी तपासलं आणि विळीला हात लावायचा नाही, असं बजावलं. मग खवणार कोण, असं तिने विचारलं, तर डॉक्टर माझ्याकडे बघत बसले. मला ती त्यांची बघण्याची पद्धत मुळीच आवडली नाही. मी तिथल्या तिथे जाहीर केलं, की पंधरा दिवसांत नारळ खवायचं विजेचं यंत्र घरात येईल. अण्णा, तिचा चेहरा असा खुलला, की मला माझाच अभिमान वाटला. (यंत्र कुठे मिळतं, याची मला काडीची कल्पना नव्हती.)

त्याच आठवड्यात चिराग म्हणून मुलुंडचा एक पाहुणा आपल्याकडे उतरला होता. मुलगा फार नम्र, ताटात काही टाकत नाही, पण डोकं असं की तुमच्या खात्यात असता तर तुम्ही त्याला तिकिटांच्या खिडकीवर बसू दिलं नसतं. फोनवरच्या एका दुकानात तसलं यंत्र मिळतं, हे त्यानेच शोधून काढलं. (दुकानाचं नाव लिहीत नाही. तुम्ही लगेच तक्रार अर्ज कराल.) तिथे नव्या गिऱ्हाइकाला पहिली वस्तू निम्म्या किमतीत. मी आणि अंबिका नव्याचे केव्हाच जुने झालो होतो. पुण्याची लेक गौरी आणि आपला अजेय तर जन्मतःच जुने. नवं गिऱ्हाईक व्हायचं तर नवा फोन नंबर लागतो, आणि घरात माणसं संपली होती. तेव्हा चिरागने मला नुसत्या आकड्यांचा नंबर दाखवला. त्याला सिम नाही, फोन नाही, मालक नाही. कुठल्याशा देशाचे आकडे एका पानावर मांडून ठेवलेले असतात. दुकानाला त्यातला एक द्यायचा, दुकान त्यावर कोड पाठवतं आणि तो कोड त्या पानावर सगळ्या जगासमोर उमटतो. गावच्या विहिरीवरच्या पोहऱ्यासारखं आहे, येईल त्याने काढून घ्यावं. हे ऐकून मला आधी लाज वाटली. चांगली पाच मिनिटं वाटली.

नंबराची सोय झाली, पण नाव कुणाचं घालायचं? खोटं नाव घालणं माझ्याच्याने होणार नव्हतं. तुम्हीच आम्हाला लहानपणी खोटा पत्ता लिहिणाऱ्याची गोष्ट सांगून रडवलं होतंत. मग मला आपले माड आठवले. घरात मूल जन्मलं की एक माड लावायचा आणि त्या मुलाचं नावच त्याला ठेवायचं, ही आपली रीत. माणूस गेला तरी माड त्याच नावाने उभा राहतो. आजही आपण 'बापूंचे नारळ उतरवले' असंच म्हणतो की नाही? म्हटलं, यात खोटं ते काय? नाव खरं, पत्ता खरा, आणि राहायला तर कायम तिथेच. फक्त एक नियम मी स्वतःला घालून घेतला, की माड उभा असला पाहिजे. (या नियमाचं पुढे जे झालं त्याबद्दल खाली लिहीन. लिहीनच असं नाही.)

यंत्रच पहिल्यांदा मागवायला हवं होतं, हे आता कळतंय. पण आधी जरा हात बसावा म्हणून मी विहिरीमागच्या कमळआत्याच्या नावाने दोन चादरी मागवल्या. आत्याला जाऊन तीस वर्षं झाली, तिने जन्मात फोन कानाला लावला नाही, आणि आता तिच्या नावावर एस्टोनिया नावाच्या देशाचा नंबर आहे. चादरी घेऊन आली ती क्रांती. ही बोर्लीची मुलगी आपल्या भागातली सगळी पार्सलं स्कूटरवरून पोचवते. मी नेमका आंघोळीला गेलो होतो. तिने फाटकातून 'कमळ कोण' म्हणून विचारलं. सुपारी सोलायला येते ती आपली नीराबाई अंगणात होती, तिने मान वर न करता सांगितलं, "कमळ व्हय? ती काय विहिरीमागं उभी हाय." क्रांती बिचारी विहिरीला तीन फेऱ्या मारून आली. मी ओल्या अंगाने धावत जाऊन तिला सगळी रीत समजावली. तिने आत्याच्या बुंध्याशी पार्सल ठेवून फोटो काढला आणि गेली. तेव्हापासून दुकान आत्यावर फार खूश आहे. तिला वाढदिवसाच्या शुभेच्छा काय येतात, गुडघ्याचे पट्टे काय दाखवतात. परवा तर चादरीवर झोप कशी लागली, असं विचारलंय. पुढे बापूंच्या नावाने एक विजेरी आणली, तीही सुखरूप पोचली, आणि मी शेफारलो.

मग खऱ्या यंत्राची वेळ आली, आणि नावं संपली. राहिलं फक्त तुमचं, अण्णा. तुमची परवानगी घ्यायला हवी होती हे कबूल. पण तुम्ही ती दिली नसती, म्हणून मग घेतली नाही.

यंत्र शुक्रवारी आलं. फाटकाशी आलं, खोक्यावर तुमचं नाव मोठ्या अक्षरात, खोक्याच्या बाजूला यंत्राचं चित्र. मी हात पुढे केला, तर क्रांतीने खोकं मागे घेतलं. वस्तू महागाची असली की पोचवतानाही एक कोड लागतो, आणि तो गिऱ्हाइकाच्या नंबरावर जातो, म्हणे. मी ते पान उघडलं. तुमच्या नावाने दिलेला नंबर तिथून गेला होता. आदल्या दिवशी होता, त्या दिवशी नाही. त्या जागी दुसराच कुठला तरी नंबर बसला होता आणि त्यावर जगभरातल्या लोकांचे कोड टपाटप पडत होते. तुमचा कोड कुठल्या देशात कोणाच्या पदरात पडला, देव जाणे. दुकानाला लिहिलं, तर उत्तर आलं, 'प्रिय महादेव, तुमचं समाधान हेच आमचं ध्येय.' एवढं एकच उत्तर अकरा वेळा आलं. क्रांतीला मी पोह्यांचा आग्रह केला, शहाळं देऊ केलं. ती मुलगी तुमच्याच तालमीतली निघाली. पत्त्यावरच्या माणसाशिवाय कोणाच्या हातात द्यायचं नाही, म्हणजे नाही. शेवटी ती हसत म्हणाली, की निदान या महादेवाचा माड तरी दाखवा काका, फोटो काढून बघते. मी हवापाण्याचा विषय काढला. खोकं श्रीवर्धनच्या गोदामात परत गेलं. तिथे ते या शुक्रवारी संध्याकाळपर्यंत राहील आणि मग आलं त्या वाटेने जाईल.

येत्या रविवारी संकष्टी आहे. बावीस पाहुणे येऊन मोदकांना बसणार आहेत. अंबिकेला मी एवढंच सांगितलंय, की यंत्र वाटेत अडकलंय, तोवर मी खवतो. आज चार दिवस मी विळीवर आहे, अण्णा. पहिल्या दिवशी नारळापेक्षा माझं बोटच जास्त खवलं गेलं. ती झोपाळ्यावर बसून करवंटी काळी दिसू लागली की थांबा, एवढं सांगते. तिला मी शब्द दिला होता, आणि तो मोडला तर ती पुन्हा विळीवर बसेल. भांडणार नाही, नुसती बसेल. ते मला बघवणार नाही.

हे सगळं मन मोकळं करावं म्हणून लिहिलं. तुमच्याकडून मला काही एक नको आहे. वडीलधाऱ्यांच्या कानावर घातलं की बरं वाटतं, इतकंच. वहिनींना नमस्कार सांगा, आणि नारळ मिळाल्याचं कळवा.

तुमचा,
हरेश्वर

ता. क. : सहज आठवलं म्हणून लिहितो. पनवेलहून श्रीवर्धनची गाडी सकाळी लवकर सुटते, खिडकीची जागा मिळते. येत्या शुक्रवारी तुम्हाला काही काम नसेल तर हवापालट म्हणून या. येताना आधार कार्ड खिशात असू द्या, ते दाखवलं की गोदामात कोड मागत नाहीत, म्हणे. मी गोदामाच्या दारातच उभा असेन. सही करा, खोकं माझ्या हातात द्या आणि दुपारच्या गाडीने परत जा. दिवेआगरपर्यंत यायची तसदी मुळीच घेऊ नका, गुडघ्याला रस्ता बरा नाही.

ता. क. दुसरा : पोतं शिवायला घेतलं, पण दाभण पुढे जाईना. अण्णा, तुमचा माड वादळात पडला. त्या जूनमध्येच, मुळासकट. सत्तर वर्षांचा माड, तुम्हाला कुठल्या तोंडाने सांगणार होतो? दर दिवाळीला तुम्ही पहिला प्रश्न त्याचाच विचारता, आणि दर दिवाळीला मी 'झकास' म्हणतो. अजेयच्या लग्नाला आलात, तेव्हा वाडीत साप निघाला म्हणून मी तुम्हाला विहिरीपाशीच थांबवलं. साप नव्हता. इतकी वर्षं तुम्ही खाल्लेत ते बापूंचे नारळ. पण पडलेल्या माडाचाच एक नारळ मी त्याच खड्ड्यात रुजत घातला होता. तो यंदा पहिल्यांदा धरला. पोत्यात तळाशी लाल दोरा बांधलेला लहानसा नारळ आहे, तो तेवढा तुमचा. आता रागावून शुक्रवारी आला नाहीत तरी माझी तक्रार नाही. (आलात तर बरं.)

ता. क. तिसरा, अंबिकेकडून : ती. अण्णांना नमस्कार. यांनी पोत्याचं तोंड असं शिवलं होतं, की नारळ बोर्लीपर्यंतही गेले नसते. ते उसवून मी परत शिवतेय, म्हणून पत्र वाचनात आलं. माड पडला त्याच आठवड्यात मी तुम्हाला कळवलं होतं, हे यांना अजून माहीत नाही. तुम्ही दर दिवाळीला इतकं गंभीर तोंड करून विचारता, त्याचं मला फार कौतुक वाटतं. सापाच्या वेळी तर तुम्ही दोन पावलं मागेसुद्धा सरला होतात. आता माझी एक विनंती. लग्नाला अडतीस वर्षं झाली, इतक्या वर्षांत मी झोपाळ्यावर बसून कोणाला नारळ खवताना पहिल्यांदाच बघतेय. खांदा निम्मा तर त्यानेच बरा झाला. तेव्हा शुक्रवारी जरूर या, थेट घरी या, रविवारपर्यंत राहा, नवा माड बघा, मोदक खा. आधार कार्ड तेवढं पनवेललाच विसरा.